मुर्मान्स्क ते ९० अंश उत्तर : अणुशक्तीच्या आइसब्रेकरवरून ध्रुवापर्यंत आणि परत

पहिला दिवस : मुर्मान्स्क

मॉस्कोहून अडीच तासांत विमान मुर्मान्स्कला उतरते. अक्षांश ६९ च्या किंचित अलीकडे, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही बरेच वर. तरीही इथली कोला खाडी भर हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालून इथवर पोहोचतो, हे त्याचे कारण. १९१६ साली इथे बंदर वसवले ते याच पाण्याच्या भरवशावर, आणि रशियाच्या अणुशक्तीवरच्या आइसब्रेकरांचा, म्हणजे बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजांचा, तळही याच खाडीत आहे.

बोटीवर चढायला दुपार उजाडते, तेव्हा सकाळ ‘लेनिन’साठी ठेवावी. अणुशक्तीवर चालणारे जगातले पहिले पृष्ठजहाज. १९५९ ला सेवेत आले, १९८९ ला निवृत्त झाले आणि २००९ पासून शहराच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभे आहे. इथे लाकडी पॅनेलांचे जेवणघर बघायला सगळे थांबतात, पण खरे थांबावे ते अणुभट्टीच्या दालनापाशी. १९६५ साली इंधन बदलण्यासाठी एक भट्टी बंद केली होती. इंधन आत असतानाच गाभ्यातले पाणी काढले गेले आणि काही इंधनकांड्या वितळून वाकल्या. भट्टी ‘बंद’ केली तरी ती लगेच थंड होत नाही. साखळी अभिक्रिया थांबल्याक्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता किरणोत्सारी क्षयातून निघतच असते, आणि ती नेणारे पाणी हवेच हवे. दोन वर्षांनी पुन्हा गळती झाली, तेव्हा तिन्ही जुन्या भट्ट्यांचा भाग कापून नोवाया झेम्ल्या या आर्क्टिक बेटांजवळ त्सिवोल्की उपसागरात बुडवला. तेव्हाची पद्धत ती होती, आणि तो भाग आजही तिथेच आहे. १९७० मध्ये ‘लेनिन’वर नव्या धाटणीच्या दोन भट्ट्या बसल्या. पुढच्या पिढीच्या मोठ्या जहाजांनी त्यांचीच सुधारलेली आवृत्ती वापरली.

आपले जहाज ‘पन्नास लेत पोबेदी’, म्हणजे ‘विजयाची पन्नास वर्षे’. ४ ऑक्टोबर १९८९ ला लेनिनग्राडच्या बाल्टिक गोदीत कणा मांडला, तेव्हा नाव ‘उराल’ होते. १९९३ च्या डिसेंबरात सांगाडा पाण्यात उतरला, मग पैसा आटला आणि काम रखडले. महायुद्धातल्या विजयाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९९५ ला, नाव बदलले. जहाज हाती पडले २००७ च्या मार्चमध्ये. लांबी १५९.६ मीटर, रुंदी ३० मीटर, पाण्याखाली ११ मीटर, वजन २५ हजार टनांच्या आसपास. प्रवासी १२८. प्रवासी फेऱ्या फक्त जून ते ऑगस्टमध्ये होतात, कारण बाकीचे वर्ष जहाजाला दुसरे काम असते. ते काम पुढे येईलच.

संध्याकाळी टग बाजूला होतात आणि खाडीचे पन्नासएक किलोमीटर पार करून जहाज बारेंट्स समुद्रात निघते. इथून ध्रुव सरळ उत्तरेला १,२६० सागरी मैल.

दुसरा दिवस : बारेंट्स समुद्र

बोट लागू नये म्हणूनच्या गोळ्या जेवणाआधी घ्याव्यात, नंतर उपयोग नाही. मोकळ्या समुद्रात आइसब्रेकर वाईट डोलतो. साध्या जहाजाच्या पोटाला दोन्ही अंगांना डोलणे कमी करणाऱ्या पट्ट्या असतात. बर्फात त्या पहिल्याच दिवशी उखडतील म्हणून इथे त्या नाहीत, आणि पोट गोलसर. बर्फ लागला की डोलणे थांबते आणि थरथर सुरू होते, ती मग आठवडाभर सोबत राहते. कपाट, ड्रॉवर, बाटल्या आजच अडकवून ठेवाव्यात.

बघण्यासारखे बाहेर काही नसते, म्हणून यंत्रदालनाची फेरी आजच करावी. भट्टीजवळ जाता येत नाही. नियंत्रणकक्ष आणि टर्बाइनचे दालन दाखवतात. साखळी अशी आहे : दोन भट्ट्या, प्रत्येकी १७१ मेगावॉट उष्णतेच्या. गाभ्यातून फिरणारे पाणी तीनशे अंशांच्या वर तापते, पण सुमारे १३० वातावरणांच्या दाबाखाली असल्याने उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या, वेगळ्या पाण्याला देते. या दुसऱ्या पाण्याची वाफ होऊन टर्बाइन फिरतो. टर्बाइनवर जनित्रे, जनित्रांची वीज एकदिश करून मोटरींना, आणि मोटरींवर तीन दांडे, तीन पंखे. एकूण ७५ हजार अश्वशक्ती.

टर्बाइनचा दांडा सरळ पंख्याला का जोडत नाहीत? कारण पंख्याच्या पात्यात घराएवढा बर्फाचा तुकडा अडकतो तेव्हा पंखा क्षणात मंदावतो, कधी जागीच थांबतो. सरळ जोडणी असती तर तो धक्का दातेचक्रांमधून टर्बाइनपर्यंत गेला असता. मध्ये वीज असल्यामुळे टर्बाइन आपल्या वेगाने फिरत राहतो आणि मोटर जागेवर अडली तरी पूर्ण पीळ देत राहते. तो तुकडा पात्याने दळला जातो आणि पंखा पुन्हा वेग घेतो. दिशा बदलायलाही फक्त विजेची दिशा बदलावी लागते. बर्फात हे काम तासाला कित्येकदा होते.

इंधनाचा हिशेब सगळे विचारतात. जाड बर्फात दिवसाला सुमारे दोनशे ग्रॅम युरेनियम खपते. एवढे काम डिझेलवर करायचे तर रोज शंभर टनांहून जास्त तेल लागते. पण खरा फायदा तेल वाचण्यात नाही. डिझेलचा कप्तान बर्फात अडकला की टाकीकडे बघत निर्णय घेतो : आणखी जोर लावू की परतीसाठी राखून ठेवू? इथे तो प्रश्नच उरत नाही. महिनोन्महिने पूर्ण शक्ती हाताशी असते, आणि ध्रुवावरच्या मोहिमेत यापेक्षा मोठी सोय नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर ३४२ मेगावॉट उष्णतेतले जेमतेम ५५ मेगावॉट पंख्यांपर्यंत पोहोचतात. उरलेली बहुतेक उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, समुद्राच्या पाण्यात जाते, आणि ही सगळी मांडणी गारठलेल्या पाण्यासाठी केलेली आहे. अरबी समुद्राचे २८-३० अंशांचे पाणी कंडेन्सरला मिळाले तर वाफ नीट थिजणार नाही आणि भट्ट्यांची शक्ती उतरवावी लागेल. म्हणूनच हे जहाज मुंबईच्या बंदरात कधी दिसणार नाही, आणि विषुववृत्त ओलांडून अंटार्क्टिकालाही जाऊ शकत नाही.

तिसरा दिवस : बर्फाची कड

सकाळी ७९ वे अक्षवृत्त मागे पडते. पश्चिमेला स्वालबार्डवर, न्यू-ओलेसुंद गावात, याच अक्षवृत्ताजवळ भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. २००८ ला सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

जुलैत बर्फाची कड साधारण ८० ते ८२ अंशांच्या दरम्यान लागते. लागण्याआधी कळते. ढगांच्या पोटात पांढुरकी झळाळी दिसते, धुके दाटते, आणि लाटा एकदम निवतात. आधी सुटे तुकडे, मग थाळ्या, मग सलग पांढरे मैदान. वेग १८-१९ नॉट्सवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) उतरतो.

आता नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, रेलिंगवरून वाकून खाली बघायचे. पोलाद बर्फाला कापत नाही. आधीच्या भावंडांची नाळ धारदार कोनाची होती, याची नाळ चमच्यासारखी आहे. ती बर्फावर चढते आणि वजनाने त्याला खाली वाकवते. वाळकी भाकरी मुठीत चिरडायला जोर लागतो, पण दोन हातांत धरून वाकवली की कडकन मोडते, तसेच बर्फाचे आहे. पुढे वीस-तीस मीटर एक काळी रेघ धावत जाते, क्षणभर काहीच होत नाही, मग टेबलाएवढी जाड लादी कुशीवर वळते आणि तिचा खालचा भाग वर येतो. तो पांढरा नसतो. वर निळा, खाली तपकिरी. तपकिरी थर शेवाळाचा : बर्फाच्या तळाला ते वाढते आणि आर्क्टिकच्या अन्नसाखळीचा मोठा भाग त्यावर उभा आहे. त्याच्या आसऱ्याने राहणारे बोटभर लांबीचे ध्रुवीय कॉड मासे उलटलेल्या लादीवर फडफडताना दिसतात. किटिवेक पक्ष्यांना हे पाठ आहे. नाळेच्या दोन्ही अंगांना ते घिरट्या घालतात आणि मासा दिसला रे दिसला की उचलतात. दुर्बीण हवी ती इथे.

जलरेषेवर पाचएक मीटर रुंदीचा खास जाड पट्टा आहे, त्यावर स्टेनलेस पोलादाचे आवरण. गंजलेल्या खरखरीत पत्र्यावर घर्षण वाढते, म्हणून हा खर्च. शिवाय जलरेषेखाली नऊ मीटरवरच्या भोकांतून दाबाची हवा सोडतात. बुडबुडे वर येताना पाणी सोबत आणतात आणि बर्फ व पत्रा यांच्यात ओला थर राहतो.

चौथा दिवस : जुना बर्फ

या दिवशी जहाजाची खरी परीक्षा असते. ८३-८४ अंशांच्या पुढे एका हिवाळ्याचा बर्फ संपून दोन-तीन उन्हाळे काढलेला बर्फ लागू लागतो. फरक नुसत्या डोळ्याने ओळखता येतो. नवा बर्फ सपाट, राखाडी-पांढरा. त्यात खाऱ्या पाण्याच्या कुप्या अडकलेल्या असतात, म्हणून तो तुलनेने भुसभुशीत. जुन्यातले मीठ उन्हाळ्या-उन्हाळ्यात झिरपून गेलेले असते. तो निळसर, गोलाकार उंचवट्यांचा आणि दगडासारखा. त्याच्यावर साचलेले निळे डबके जवळजवळ गोडे असते.

कागदावर हे जहाज २.८ मीटर जाडीचा बर्फ फोडते. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. तो सपाट, सलग बर्फाचा आहे, आणि त्या जाडीत वेग माणसाच्या चालीएवढा, दीड-दोन नॉट्स असतो. अडचण सपाट बर्फाची नसतेच. वाऱ्याने दोन मैदाने एकमेकांवर रेटली की त्यांच्या कडा मोडून ढिगांची रांग तयार होते. वर दोन मीटर दिसते तेव्हा खाली त्याच्या कितीतरी पट लादी रचलेली असते. त्यात ताजा बर्फ भुरभुरलेला असेल तर तो पत्र्याला गादीसारखा चिकटतो आणि जहाज मध्येच थबकते.

मग ठोकर द्यायची. जहाज आपल्याच वाटेने एक-दोन जहाजलांब्या मागे येते. मागे येताना सुकाणू मधोमध असलेच पाहिजे. वाकडे राहिले आणि मागून बर्फ आदळला तर दांडा पिळवटतो. त्यासाठी सुकाणूच्या मागे पोलादी शिंगही असते, पण शिंगावर भिस्त ठेवून कोणी सुकाणू वाकडे ठेवत नाही. मग पूर्ण शक्ती, आठ-दहा नॉट्सचा धावा, आणि नाळ ढिगावर चढते. मोडला तर पुढे. नाही मोडला तर पुन्हा मागे. जास्त वेगाचा मोह टाळायचा, कारण मग जहाज इतके वर चढते की मागे घसरतच नाही. अशा वेळी एका बाजूच्या टाकीतले पाणी दुसऱ्या बाजूला पंप करून जहाज डावी-उजवीकडे झुकवतात, बुडबुड्यांची हवा सोडतात, बाजूचे दोन पंखे उलटसुलट फिरवतात. बहुतेक वेळा सुटते. नाही सुटले तर वारा फिरायची वाट बघायची, कारण दाब वाऱ्याचाच असतो.

पंख्याचे पाते तुटणे हा दुसरा धोका. पाती बोल्टाने बसवलेली असतात, सुटी पाती आणि पाणबुडे जहाजावर असतात, आणि काम बर्फातच उरकता येते. तिसरा धोका दिसायला क्षुल्लक पण जास्त वेळा येणारा : थंड पाणी आत घेणाऱ्या तोंडांत बर्फाचा चुरा बसतो, कंडेन्सरचे पाणी घटते आणि शक्ती उतरवावी लागते. त्यासाठी बाहेर टाकायच्या गरम पाण्याचा काही भाग उलटा त्या तोंडांकडे फिरवतात.

एवढी शक्ती हाताशी असून पुलावरचे, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातले, अधिकारी दिवसभर करतात काय, तर बर्फ फोडायचे टाळतात. उपग्रहाची चित्रे, रडार, हवा उघडी असेल तर हेलिकॉप्टरची टेहळणी, आणि शेवटी डोळे. काळपट आभाळ दिसले की त्याखाली पाणी असते, त्या बाजूला नाळ वळते. गडद डबकी म्हणजे पातळ बर्फ, फिकी निळी म्हणजे जाड. नकाशावर दिवसाची रेघ वेडीवाकडी दिसते आणि सरळ जाण्यापेक्षा लवकर पोहोचवते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच जहाजाने मुर्मान्स्क ते ध्रुव हे अंतर ७९ तासांत कापले. मोकळ्या फटी शोधल्याशिवाय हा वेळ मिळत नाही.

पाचवा दिवस : ८५ ते ८९

फोन बंद. नेहमीचे दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर असतात आणि ८१ अंशांच्या वर ते क्षितिजाखाली जातात. ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहांचा फोन तेवढा चालतो. घरी तसे आधी सांगून ठेवावे.

दिशा दाखवणारी यंत्रेही इथे बिथरतात. जायरो होकायंत्र पृथ्वीच्या परिवलनाच्या आडव्या घटकावर उत्तर शोधते. हा घटक अक्षांशाबरोबर कमी होत ध्रुवावर शून्य होतो, त्यामुळे ८५ च्या पुढे त्यावर विसंबता येत नाही. चुंबकीय सुई तर आधीच निकामी झालेली असते. दिशा उपग्रहांच्या अँटेनांवरून ठरवतात. घड्याळ जहाजभर मॉस्कोचेच.

१८९५ च्या ८ एप्रिलला ध्रुवाकडे निघालेले नॉर्वेचे नान्सेन आणि योहान्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत आले आणि परत फिरले. ती रेघ जहाज आज नाश्त्याच्या सुमारास ओलांडते.

सहावा दिवस : ९० अंश

पुलावर गर्दी होते. पडद्यावर अक्षांश ८९ अंश ५९ मिनिटे, आणि पुढचे आकडे सावकाश चढतात. रेखांश मात्र वेड्यासारखा पळतो, कारण इथे चार पावलांत रेखांश एका अंशाने बदलतो. अचूक बिंदू गाठायला जहाज कधी तासभर पुढेमागे करते. बर्फ वाहता असल्याने थांबताक्षणी ध्रुव हातचा निसटू लागतो.

मग उतरण्याजोगे मैदान शोधतात : जाड, भेगा नसलेले, आणि जहाजाच्या अंगाला टेकेल असे. आधी खलाशी उतरून बर्फ भोसकून पाहतात, सशस्त्र पहारेकरी अस्वलांसाठी चारी दिशांना जातात, झेंड्यांनी हद्द आखतात, तेव्हा शिडी उघडते. झेंड्याबाहेर जायचे नाही. ताज्या बर्फाखाली भेग दिसत नाही. तापमान शून्याच्या आसपास असते, बोचतो तो वारा. काळा चष्मा विसरू नये. पाण्यात उडी मारणाऱ्यांच्या कमरेला पट्टा आणि दोर बांधतात. पाणी उणे दीड अंशाच्या आसपास, खारे म्हणून गोठत नाही. श्वास आवळतो तो पहिल्या काही सेकंदांत, म्हणून उडी मारायची आणि लगेच शिडी धरायची. पायांखाली ४,२६१ मीटर समुद्र आहे. हे माप २००७ च्या २ ऑगस्टला रशियाच्या ‘मीर’ पाणबुड्यांनी तळ गाठला तेव्हाचे. त्यांच्या जहाजाला वाट ‘रोसिया’ या अणु-आइसब्रेकरने करून दिली होती. पृष्ठभागावरून इथे पोहोचलेले पहिले जहाज ‘आर्क्तिका’, १७ ऑगस्ट १९७७. १९९० ला ‘रोसिया’ पहिले पर्यटक घेऊन आली.

जुलैच्या मध्यात सूर्य इथे साडेएकवीस अंशांवर असतो आणि चोवीस तास त्याच उंचीवरून गोल फिरतो. सावली लहान-मोठी होत नाही, नुसती फिरते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूळस्थान ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धांत मांडला, त्याचा एक मोठा आधार ऋग्वेदातली लांबच लांब उषा होता. तो सिद्धांत आज अभ्यासक स्वीकारत नाहीत, पण ध्रुवावरच्या पहाटेचे वर्णन त्यांनी बरोबर केले होते. मार्चमध्ये सूर्य उगवण्याआधी कित्येक आठवडे ही पहाट क्षितिजाभोवती फिरत असते. मराठी माणसाला बर्फावर उभे राहून ते आठवल्यावाचून राहत नाही.

सातवा आणि आठवा दिवस : दक्षिणेकडे

परतीला आपलीच वाट मिळेल असे वाटते. मिळत नाही. दोन दिवसांत बर्फाने ती हलवलेली आणि मिटवलेली असते. हिवाळ्यात हे जहाज मालवाहू जहाजांना बर्फातून वाट करून देते, आणि हाच प्रश्न त्या कामाचा गाभा आहे. मागून येणाऱ्या मालवाहू जहाजाने अंतर किती ठेवायचे? जवळ राहिले आणि आइसब्रेकर ढिगावर अडला, तर पाठीत घुसते. लांब राहिले तर वाट मिटते आणि ते अडकते. दाब वाढला की अंतर कमी करतात. तेही पुरले नाही तर दोरीने ओढतात : आइसब्रेकरच्या पिछाडीला खाच असते, तिच्यात मागच्या जहाजाची नाळ ओढून घट्ट बांधतात आणि दोन्ही जहाजे एका जिवाने चालतात.

चूक झाली तर काय होते ते १९८३ च्या शरदात रशियाच्या पूर्व टोकाच्या चुक्ची समुद्रात दिसले. बर्फ लवकर आला, वाऱ्याने दाबला, जहाजे अडकली आणि ‘नीना सागायदाक’ हे मालवाहू चिरडून बुडाले. २०२१ च्या नोव्हेंबरात बर्फ पुन्हा अपेक्षेआधी आला, वीसहून अधिक जहाजे पूर्वेकडे अडकली आणि अणु-आइसब्रेकर पाठवावे लागले. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या या उत्तर सागरी मार्गावरून २०२३ मध्ये ३६२ लाख टनांहून अधिक माल गेला, त्यात मोठा वाटा सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पाच्या वायूचा. त्या कामासाठी नवी पिढी आली आहे : २०२० ची नवी ‘आर्क्तिका’ आणि तिची भावंडे. ती पाण्याचा भार कमी-जास्त करून साडेदहा मीटरवरून साडेआठ मीटरवर येतात, म्हणून समुद्र आणि नदीमुख दोन्हीकडे चालतात. त्यांच्या भट्ट्यांना इंधन सुमारे सात वर्षांनी लागते.

नववा आणि दहावा दिवस : फ्रान्झ जोसेफ लँड

१८७३ ला ऑस्ट्रिया-हंगेरीची मोहीम बर्फात वाहत जाऊन या द्वीपसमूहाला लागली. ११ मीटर बुडणाऱ्या जहाजाला किनारा जवळ करता येत नाही, म्हणून उतरणे रबरी होड्यांनी किंवा हेलिकॉप्टरने, आणि धुके असेल तर नाहीच. चांप बेटावर माणसापेक्षा उंच दगडी गोळे पडले आहेत. तिखाया उपसागरात सोडलेले संशोधन ठाणे आहे आणि समोर रुबिनी कडा. बेसॉल्टचे उभे खांब बघून सह्याद्रीची जात लगेच ओळखता येते, फक्त इथे प्रत्येक खाचेत पक्षी बसलेला. जॅक्सन बेटावर नान्सेन-योहान्सेन यांनी १८९५-९६ चा हिवाळा काढलेल्या खोपटाची खळगी आणि एक ओंडका उरला आहे. जेमतेम दोन माणसे आडवी होतील एवढी ती जागा. हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, दगडही उचलायचा नाही.

अकरावा ते तेरावा दिवस : मुर्मान्स्क

पुन्हा डोलणे, पुन्हा गोळ्या. धक्क्याला लागताना जलरेषेचा रंग गेलेला आणि आवरण चकाकणारे दिसते. प्रवासी उतरतात तेव्हा पाणबुडे पात्यांच्या कडा तपासायला उतरायच्या तयारीत असतात. भट्ट्या कमी शक्तीवर, पंप चालू. इंधन बदलायची पाळी असेल तर ‘इमांद्रा’ हे सेवाजहाज बाजूला येते. वापरलेले इंधन आधी त्याच्या पोटात निवते आणि मग रेल्वेने उरालमधल्या मायाक कारखान्यात जाते. ती नसेल तर धान्य, सुटे भाग आणि नवे खलाशी चढतात. नोव्हेंबरात सायबेरियातल्या येनिसेई नदीकडची जहाजे वाट बघू लागतात.